एक चूल करण्याआधी

*ताई, सलाम.*

*मी नवापूर तालुक्यातला, वय ३२. नंदुरबारला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. पत्नी आश्रमशाळेत शिक्षिका आहे, मुलगी चार वर्षांची. दोन वर्षांपासून आम्ही आठ जण, म्हणजे तीन जोडपी आणि दोन बिनलग्नाचे मित्र, दर शनिवारी रात्री प्रार्थनेला बसतो. आमच्यातला एक पुण्याची नोकरी सोडून परत आलाय. त्याने फ्रान्समधल्या तेझे इथल्या मठाची गाणी ऐकवली, जुन्या मठवासींबद्दल सांगितलं, आणि मला वाटलं, आपल्याला हेच हवं होतं. सकाळी डोळे उघडले की फोन, रात्री मिटताना फोन, सात तारखेला गाडीचा हप्ता, रविवारी दोन तास मंडळी. एवढंच का ख्रिस्ती जगणं?*

*आता ठरतंय असं : एका मित्राच्या वडिलोपार्जित दोन एकरांवर चार खोल्या बांधायच्या. चूल एक. सगळ्यांचे पगार एका खात्यात. दिवसातून पाच वेळा प्रार्थना. पाच वर्षांनी नोकऱ्या सोडायच्या. पाळक म्हणतात, ‘मठ-बिठ आपल्यात नसतं, ते कॅथलिकांचं.’ आई रडते. पत्नी म्हणते, ‘तुम्ही जा, मी शनिवारी येत जाईन.’ मित्र म्हणतात, ही परीक्षा आहे, नांगराला हात घातल्यावर मागे बघायचं नसतं. ताई, पहिल्या मंडळीचं सगळं समाईक होतं असं शास्त्रात लिहिलंय ना? मग मी काय करू?*

*– एक वाचक, नवापूर*

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र इथे आखडून छापलंय, मूळ सात पानांचं आहे. दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिल घेऊन बसले. त्यात ‘मंडळी’ हा शब्द अकरा वेळा आलाय. आपल्या भाषेत चर्चलाही मंडळी म्हणतात आणि बायकोलाही. तुमच्या अकरांतली एकही मंडळी घरची नाही.

म्हणून तिथूनच सुरुवात करते. ‘तुम्ही जा, मी शनिवारी येत जाईन,’ हे वाक्य तुम्ही नकार म्हणून लिहिलंय. मला ते तसं वाटलं नाही. तुमच्या सात पानांत मला सर्वांत शहाणं वाटलेलं वाक्य ते. एक गोष्ट लक्षात घ्या : तुमच्या पत्नी आश्रमशाळेत शिकवतात. शेकडो लेकरं एका छताखाली झोपतात, एका घंटेला उठतात, एका रांगेत ताट घेऊन उभी राहतात, हे त्या रोज बघतात. डाळ पातळ झाली की काय होतं, साबण कोणाचा कोणी वापरला यावरून मारामारी कशी होते, घरून आलेला डबा कोणत्या मुलीने उशाखाली लपवला, हे त्यांना पाठ असणार. एक चूल म्हणजे काय असतं हे तुम्हा आठ जणांत बहुधा त्यांनाच ठाऊक आहे. आणि तुम्ही त्यांना विचारलं काय, तर ‘येतेस की नाही?’ चूल एक असेल, एवढं ठरलं. चुलीपुढे उभं कोण राहील, ते सात पानांत कुठेच नाही. ते न लिहिताही तिन्ही बायांना कळलेलं असणार.

बायकोच्या नाहीला ‘परीक्षा’ म्हणायची खोड जुनी आहे. इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेला संत अँटनी, ज्याला सगळे मठवासी आपला बाप मानतात, त्याने साधारण इ.स. २७० च्या सुमारास जमीनजुमला वाटून टाकला. आईबाप नुकतेच वारलेले, पदरी एक धाकटी बहीण. आधी त्याने तिच्यापुरतं थोडं मागे ठेवलं. पुढे तेही देऊन टाकलं आणि तिला विश्वासू कुमारिकांच्या हवाली करून निघून गेला. त्याच्या चरित्रात त्याची सैतानाशी झुंज पानोपानी आहे. बहीण तेव्हा काय म्हणाली, ते नाही. मला त्या चरित्रातली तीच जागा नेहमी अडते. आणि अँटनी निदान सडाफटिंग होता. पौलाने करिंथकरांना लिहिलंय की नवराबायकोने प्रार्थनेसाठी वेगळं राहायचं तर दोघांच्या संमतीने आणि काही काळच. काही काळच, भाऊ. तुमच्या मित्रांनी नांगराचं वचन काढलंय, त्यांना हेही काढून दाखवा.

आता पाळकांचं. ते निम्मे बरोबर आहेत. प्रोटेस्टंटांनी मठ मोडले हे खरं. मार्टिन लूथर स्वतः १५०५ मध्ये एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात शिरलेला साधू. पुढे त्याने मठाची व्रतं सोडली आणि १५२५ मध्ये मठ सोडून आलेल्या कॅथरीनाशी लग्न केलं. पण गंमत बघा, दोघांनी संसार थाटला तो विटेनबर्गच्या रिकाम्या झालेल्या मठात, जिथे तो स्वतः साधू म्हणून राहिला होता. कॅथरीना तिथे विद्यार्थी ठेवायची, बाग बघायची, बीअर गाळायची, आल्यागेल्याला जेवू घालायची. मठ मोडला खरा, पंगत काही मोडली नाही.

आणि पुढे प्रोटेस्टंटांनाच त्याची चुटपुट लागून राहिली. तुमच्या मित्राला तेझे ठाऊक आहे, पण तो मठ सुरू करणारा ब्रदर रोजे एका प्रोटेस्टंट पाळकाचा मुलगा होता, हे त्याने तुमच्या पाळकांना सांगितलंय का? स्कॉटलंडच्या आयोना बेटावरचा समुदाय १९३८ मध्ये जॉर्ज मॅक्लाउड नावाच्या प्रेस्बिटेरियन पाळकाने उभा केला. इतकं लांब कशाला जायचं, आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक! १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एका अंगणात, अशी त्यांची कल्पना. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार तिथेच थांबला. पण १९२२ मध्ये जॅक विन्स्लो या इंग्रज पाळकाने नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ काढला, पुढे तो पुण्याला आला, त्यामागे टिळकांची प्रेरणा होती. म्हणजे हे ‘आपल्यात नसतं’ असं नाही. आपल्यात मराठीतून, भजनं म्हणत, मांडी घालून बसून झालेलं आहे. पाळकांना हे भांडायला म्हणून सांगू नका. चहाला बोलवा आणि सांगा. त्यांची भीती कॅथलिकांची नसावी. आठ तरुण माणसं रविवारी दिसेनाशी होतील, ही असावी. आणि ती भीती रास्त आहे.

इथे मला माझं सांगायला हवं, नाहीतर हा सल्ला नुसता पुस्तकी होईल.

मी चोवीस वर्षांची होते. आम्ही नऊ जणांनी एका तालुक्याच्या गावी भाड्याचं घर घेतलं. पुढे निंबाचं झाड, मागे आड. पहाटे साडेचारला कंदील लावून स्तोत्रं म्हणायचो. त्या वेळी वीज कधी असायची, कधी नाही. अंधारात नऊ जणांचा आवाज एक व्हायचा, तेव्हा मला खरोखर वाटायचं की आपण प्रेषितांच्या काळात आहोत. पहिले चार महिने असे गेले. ते खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही. घरमालकीण म्हातारी होती, पहिल्याच आठवड्यात ओट्यावर बसून आम्हाला म्हणाली होती, “माय, चूल एक करशात, मंग मन कसं एक करशात?” आम्ही हसलो होतो.

सहाव्या महिन्यात आमच्यातल्या एका जोडप्याला बाळ झालं. स्वयंपाकघरात खिळ्याला दुधाची वही टांगलेली असायची. तीत रोज एक नोंद वाढली : ‘अर्धा लिटर, बाळ’. मग अर्ध्याचं पाऊण झालं. मग एके दिवशी त्या नोंदीखाली कोणीतरी लाल रेघ मारली. रेघ कोणी मारली यावर कोणी काही बोललं नाही. पण प्रार्थनेची भाषा बदलली. “प्रभू, आमच्यातल्या काहींना त्याग शिकव.” दुसरीकडून लगेच, “प्रभू, लहानग्यांना जवळ येऊ देणारं मन आम्हाला दे.” डोळे मिटून, हात जोडून आम्ही एकमेकांना टोमणे मारत होतो आणि मध्ये देवाला उभं केलं होतं. पंधराव्या महिन्यात ते जोडपं गेलं. मी एकोणिसाव्यात बाहेर पडले.

लाल रेघ मी मारली होती.

दुसरी गोष्ट पैशांची. येताना आईच्या पाटल्या मोडून आलेली रक्कम मी समाईक पेटीत टाकली होती. पेटी आमच्यातल्या मोठ्या भावाकडे असायची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. बॅग भरून दारात उभी राहिले आणि भीत भीत विचारलं, निदान थोडे मिळतील का, गावी जाऊन काहीतरी सुरू करावं लागेल. ते शांतपणे म्हणाले, “देवाला दिलेलं कोणी परत मागतं का?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. एस.टी.चं भाडं घरमालकिणीने दिलं.

उत्तर बऱ्याच वर्षांनी सापडलं, तेही सहाव्या शतकात. इटलीतल्या संत बेनेडिक्टने माँते कसिनोच्या मठासाठी लिहिलेल्या नियमावलीत ७३ प्रकरणं आहेत. पश्चिमेकडचे मठ गेली पंधरा शतकं प्रामुख्याने त्यावर चालत आलेत. मला वाटलं होतं त्यात समाधी, साक्षात्कार असं काही असेल. त्यात भांडी आहेत, हो! पस्तिसावं प्रकरण स्वयंपाकाच्या पाळीचं. प्रत्येकाने आळीपाळीने आठवडाभर रांधायचं-वाढायचं. पाळी संपणाऱ्याने शनिवारी साफसफाई करायची, सगळ्यांनी हातपाय पुसलेले पंचे धुवायचे. पाळी संपणारा आणि सुरू करणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. मग भांडी स्वच्छ आणि धड कोठाराच्या कारभाऱ्याला मोजून द्यायची, त्याने ती पुढच्याला द्यायची, म्हणजे काय दिलं, काय आलं याचा हिशेब राहतो. आणि वाढप्यांना जेवणाआधी तासभर थोडी जास्तीची भाकरी आणि प्यायला काहीतरी द्यायचं. का, तर पंगतीला वाढताना त्यांनी कुरकुर करू नये.

कुरकुर! या माणसाला सैतानाइतकीच कुरकुरीची धास्ती होती. पुन्हा पुन्हा तो तिच्यावर येतो. चौतिसाव्या प्रकरणात तर तो जणू आमच्या दुधाच्या वहीबद्दलच बोलतो : प्रत्येकाला गरजेप्रमाणे द्या, ज्याला कमी लागतं त्याने देवाचे आभार मानावेत आणि खट्टू होऊ नये, ज्याला जास्त लागतं त्याने आपल्या दुबळेपणाची जाणीव ठेवून नम्र राहावं, मिळालेल्या सवलतीने फुगू नये. हे मी चोविसाव्या वर्षी वाचलं असतं तर लाल पेन उचललं नसतं, असं म्हणणार नाही. पण उचलताना हात जड झाला असता.

अनुभवाशिवाय कोणी असं लिहीत नाही. पोप ग्रेगरीने लिहून ठेवलेली कथा अशी की बेनेडिक्टला ज्यांनी पहिल्यांदा आग्रहाने आपला प्रमुख केला, त्याच साधूंनी त्याची शिस्त न सोसून त्याच्या द्राक्षारसात विष घातलं. आमच्याकडे फक्त दुधावर निभावलं.

पण मला हवं होतं ते उत्तर अठ्ठावन्नाव्या प्रकरणात होतं. मठात यायचं म्हणणाऱ्याला लगेच घेऊ नका, चार-पाच दिवस दारात ताटकळत ठेवा. मग पाहुण्यांच्या खोलीत. मग उमेदवारांत. दोन महिन्यांनी त्याला सगळी नियमावली वाचून दाखवा आणि सांगा, जमत असेल तर राहा, नसेल तर मोकळेपणी जा. सहा महिन्यांनी पुन्हा वाचा. चार महिन्यांनी तिसऱ्यांदा. असं वर्ष भरल्यावर त्याने शब्द द्यायचा, आणि मालमत्तेचं काय करणार ते त्याआधी लिहून : गरिबांना वाटणार की मठाला देणार. मग त्याचे अंगावरचे कपडे उतरवून मठाचे द्यायचे. आणि ते जुने कपडे? ते फेकायचे नाहीत. कोठीत जपून ठेवायचे. उद्या तो जायचं म्हणाला तर त्याचे त्याला घालता यावेत म्हणून. एकोणतिसावं प्रकरण तर म्हणतं, गेलेला परत आला तर घ्या, तीनदा घ्या.

ते वाचलं तेव्हा मी धुळ्याला होते. पुस्तक मिटून पांझरेच्या पुलावर जाऊन उभी राहिले. माझे जुने कपडे कोणी ठेवले नव्हते.

तुमच्या योजनेत ही कोठी नाही, भाऊ. पगार एका खात्यात जातील हे आहे. एखादा निघाला तर काय घेऊन निघेल, हे नाही. तुमची मुलगी दहा वर्षांची झाल्यावर तुम्हाला तिला नाशिकला शिकवायचं असलं तर फी कोणाला मागाल, हे नाही. आणि ज्या वचनावर तुम्ही हे उभं करताय ते पुढेही वाचा. प्रेषितांची कृत्ये, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात सगळं समाईक आहे, बरोबर. पण पाचव्यात पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन होती तोवर तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. म्हणजे सक्ती नव्हती. हनन्या फसला तो खोटं बोलून. आणि सहाव्या अध्यायात भांडण लागतंच. कशावरून? रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातं, यावरून. थेट प्रेषितांच्या देखरेखीखाली, जेवणावरून कुरकुर. त्यांनी काय केलं, तर त्या कामाला सात माणसं नेमली. प्रार्थना वाढवून तो प्रश्न सुटेल असं त्यांना वाटलं नाही.

जमिनीचं दोन ओळीत. मित्र आदिवासी खातेदार असेल आणि तुमच्यातलं कोणी बिगर-आदिवासी असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. अशी जमीन बिगर-आदिवासीच्या नावे विक्री, दान, गहाण, भाडेपट्टा, कशानेही कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय जात नाही, आणि पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण सोडलं तर शासनाची मान्यताही लागते. आठ जणांच्या पैशांतून चार खोल्या बांधाल आणि सातबारा एकाचाच राहील. तो मित्र देवमाणूस असेल. त्याच्या भावांचं काय? संस्था करायची तर सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करा. आणि पत्रात ‘बाहेरून थोडी मदत मिळू शकते’ असं एक वाक्य घसरत आलंय. बाहेरून म्हणजे परदेशातून असेल, तर त्यासाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र नोंदणी आहे, तिच्याशिवाय एक रुपया घेऊ नका. तेझेचे ब्रदर देणग्या घेत नाहीत, स्वतःच्या कष्टावर राहतात. तेवढं त्यांचं आधी उचला, गाणी नंतर.

पुण्याहून आलेल्या मित्राबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय. चांगला असेल. पण ज्याच्याबद्दल बोलताना बाकीच्यांचा आवाज खाली येतो, असा माणूस गटात असला की मला काळजी वाटते. जाँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये ‘लार्श’ सुरू केलं, मतिमंद म्हणून टाकलेल्या माणसांसोबत एका घरात राहायचं म्हणून. आपल्या देशातही त्यांची घरं निघाली. जग त्यांना जिवंतपणी संत मानायचं. २०१९ मध्ये ते गेले आणि २०२० मध्ये संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीतून बाहेर आलं की त्यांनी अध्यात्माच्या आडून अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. घरं आजही चालू आहेत, कारण संस्थेने ते झाकलं नाही. म्हणून पेटी एकाकडे नको, वही दुसऱ्याकडे हवी, आणि दोन्ही तिसऱ्याने तपासावी. शक्यतो तुमच्या पाळकांनी, म्हणजे त्यांनाही कळेल तुम्ही काय करताय. बेनेडिक्ट मठाधिपतीला भरपूर अधिकार देतो, पण मोठं काही ठरवायचं तर सगळ्यांना बोलव म्हणतो, कारण पुष्कळदा देव धाकट्यालाच शहाणपण सुचवतो.

मग करायचं काय? मी असते तर एक वर्ष बांधकामाला हात लावला नसता.

तेझेचंच बघा. ब्रदर रोजे त्या गावात आला १९४० मध्ये. पहिल्या सात भावांनी जन्मभराचा शब्द दिला तो १९४९ च्या ईस्टरला. मधे नऊ वर्षं. युद्ध होतं, पण तरी. तुम्हाला या उन्हाळ्यात पाया खणायचाय.

आणि आयोनाचे बहुतेक सदस्य बेटावर राहतच नाहीत. आपापल्या गावी, आपापल्या नोकरीत राहतात. पण रोजची प्रार्थना आणि वाचन त्यांना बांधून घेतं, आणि आपण पैसा व वेळ कसा घालवला याचा हिशेब ते एकमेकांना देतात. हे सोपं वाटतं. आठ जणांच्या समोर आपल्या फोनचा ‘स्क्रीन टाइम’ मोठ्याने वाचून बघा एकदा! तुमच्या पत्नी ‘शनिवारी येत जाईन’ म्हणाल्या, तेव्हा त्यांनी न कळत हेच सुचवलं.

तर पहिले दोन महिने शनिवारला फक्त जेवण जोडा. रांधायची पाळी लावा, आणि पहिल्या चार पाळ्या पुरुषांच्या. पाच जण आहात ना? एकाला बट्टी जमत असेल, एकाला वरण, उरलेल्यांनी कांदे कापावेत आणि भांडी घासावीत, आणि ती भांडी तुमच्या पत्नींनी मोजून घ्यावीत. पगार आपापल्याकडे ठेवा. एक डबा करा, त्यात ज्याने त्याने गुपचूप टाकावं आणि महिन्याच्या शेवटी ते आठांबाहेरच्या कोणाला तरी द्यावं. हे सगळं एका कागदावर लिहा, आणि दोन महिन्यांनी तो कागद मोठ्याने वाचून प्रत्येकाला विचारा, जमतंय का? सहा महिन्यांनी पुन्हा. मग चार महिन्यांनी. मधे कोणी गळालं तर त्याला ‘मागे बघणारा’ म्हणायचं नाही, हेही त्याच कागदावर असू द्या. दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर दोघांनी चार दिवस एखाद्या मठात पाहुणे म्हणून राहून या. केरळात वागमोनला कुरिसुमला आश्रम आहे, १९५८ पासूनचा. तिथले साधू गाई सांभाळत आलेत. तमिळनाडूत कावेरीकाठी शांतिवनम आहे. लांब आहे, पण गाडीच्या हप्त्यात जेवढं जातं त्यापेक्षा स्वस्त पडेल.

पाच वेळांच्या प्रार्थनेचं मात्र मला पटलंय, आणि त्याला दोन एकर लागत नाहीत. कामानिमित्त लांब असलेल्यांनी वेळ झाली की जिथे असतील तिथेच प्रार्थना करावी, असं बेनेडिक्टचं पन्नासावं प्रकरण सांगतं. तुमच्या लॅबमध्ये नळ्या सेंट्रिफ्यूजला लावल्या की ते फिरून थांबेपर्यंत तुम्ही काय करता? पत्रात लिहिलंय तुम्ही, फोन बघता. ती काही मिनिटं दिवसातून किती वेळा येतात, मोजा. झाकण लावलं, बटण दाबलं, की स्तोत्राच्या चार ओळी. मशीन थांबलं की आमेन. नळीवर ज्याचं नाव लिहिलंय त्याच्यासाठी एक वाक्य म्हटलंत तर आणखी बरं. रिपोर्टच्या रांगेत तो बाहेर बाकड्यावर बसलेलाच असतो.

आईंचं राहिलं. त्या रडतात कारण त्यांना ‘मुलगा वेगळं घर करतोय’ एवढंच कळलंय, आणि ते चूक नाही. तुमच्या पाड्यात कोणाचं घर उभं करायचं तर अख्खा पाडा येतो, मजुरी कोणी घेत नाही, जेवण तेवढं घरधन्याचं. त्यांनी जन्मभर हेच केलं असणार. तुम्ही त्यांना फ्रान्सचे व्हिडिओ दाखवलेत. त्याऐवजी एका शनिवारी त्यांना बोलवा, आणि पूर्वी हे कसं चालायचं, भांडण झालं तर कोण मिटवायचं, कोण कामाला आलं नाही तर काय करायचे, ते त्यांच्याकडून ऐका. आठांपैकी एकाने लिहून घ्या. तुमच्या नियमावलीचं पहिलं पान त्यातून निघेल, मावची बोलीत निघालं तरी चालेल.

आपल्या खानदेशाच्या मुक्ताईची गोष्ट तुम्ही ख्रिस्ती असलात तरी ऐकलेली असणार, आषाढीला तिची पालखी निघते. ज्ञानदेव रुसून झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि ही धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांना ताटी उघडायला सांगत राहिली. अँटनीची बहीण काय म्हणाली ते कोणी लिहिलं नाही. ही बोलली, आणि भावाने ऐकलं.

तुमच्या पत्नींना म्हणावं, त्यांना वाटलं तर त्यांनी वेगळं पत्र लिहावं. पाकिटावर ‘आश्रमशाळा’ एवढं लिहिलं तरी मला कळेल, तुमच्या पुढच्या पत्राआधी ते उघडेन. आणि पहिल्या शनिवारी कांदे कोणी कापले, ते कळवा.

– ताई